पांढऱ्या फुलाची सावली

अमरकोशांत पांढऱ्या रंगाला तेरा नांवें दिलेलीं आहेत. शुक्ल, धवल, सित, गौर, अवदात, वलक्ष, अर्जुन वगैरे. पाठशाळेंत मीं तीं लहानपणीं घोकलीं आणि पुढें तीस-बत्तीस वर्षें नांदेडच्या एका शाळेंत मुलांकडून घोकून घेतलीं. एका रंगाला इतकीं नांवें असावींत, ह्याचें त्या वेळीं मोठें कौतुक वाटे. सेवानिवृत्तीनंतर हातांत कुंचला आला आणि तेरा हा आंकडा फारच थोडा वाटूं लागला. आमच्या अंगणांतील तगरीच्या एकाच फुलांत, सकाळीं आठाच्या सुमारास, मला सतरा पांढरे मोजतां आले. आणि त्यांपैकीं कागदाइतका पांढरा म्हणावा असा एकच होता, तोहि मोहरीएवढा.

हा छंद लागला तो घरांतील एका परीक्षेमुळें. आमची नात आठवींत असतांना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी रेखाकला परीक्षेला बसली. सूनबाईंनीं माहेरीं, लातुरास असतांना, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ह्या दोन्ही परीक्षा उत्तम रीतीनें दिलेल्या; त्यामुळें शिकवणीसाठीं बाहेर जाण्याचा प्रश्न नव्हता. दुपारची आवराआवर झाली कीं ओसरीवर पाट मांडावयाचा, त्यावर तांब्या, दोन वांगीं, एखादें लिंबू ठेवावयाचें आणि मुलीनें तें काढावयाचें, असा क्रम सुरू झाला. वर्तमानपत्र वाचून संपविलेला सासरा त्याच ओसरीवर बसलेला असतो, हें निराळें सांगावयास नको. एके दिवशीं लिंबाच्या जागीं तगरीचीं तीन फुलें आलीं. "पांढऱ्या कागदावर पांढरें फूल काढायचें कसें?" असें म्हणून नातीनें पेन्सिल खालीं ठेवली. तो प्रश्न मला इतका आवडला कीं ती पेन्सिल मीं उचलली.

तगरीविषयीं एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों. संस्कृत वैद्यकग्रंथांत जें तगर येतें, तें हिमालयाकडील एका वनस्पतीचें सुगंधी मूळ. आपल्या अंगणांतील पांढऱ्या फुलांच्या झुडपाशीं त्याचा संबंध नाहीं. ह्या झुडपाचें संस्कृत नांव नंद्यावर्त, आणि तें चित्रकाराच्या फार उपयोगाचें आहे. आवर्त म्हणजे भोंवरा. एकेरी तगरीच्या पांच पाकळ्या भिंगरीच्या पात्यांप्रमाणें एकाच दिशेनें वळलेल्या असतात. प्रत्येकीची एक कड किंचित् उचललेली, दुसरी झुकलेली. त्यामुळें एकाच फुलावर, एकाच उजेडांत, पांच पाकळ्यांच्या पांच निरनिराळ्या तऱ्हा होतात. मोगऱ्याची गर्दी नवशिक्याला गोंधळांत पाडते आणि अनंताचें फूल दुपारपर्यंत आपली ठेवण बदलतें. तगर मात्र सरळमार्गी आहे.

पांढरें फूल काढणें कठीण कां, ह्याचें कारण हातांत नसून डोळ्यांत आहे. किंबहुना डोळ्यांच्याहि मागें आहे. वस्तूवर उजेड किती पडला आहे, ह्याचा हिशेब मन गुपचूप करून टाकतें आणि उत्तर तेवढें आपल्यापुढें ठेवतें. चांगला पांढरा कागद आपल्यावर पडलेल्या उजेडापैकीं शेंकडा सुमारें ८० ते ९० भाग परत पाठवितो. काळें कापड शेंकडा ४-५. आतां वैशाखांतील आपल्या मराठवाड्याचें दुपारचें ऊन घ्या. प्रकाश मोजण्याच्या लक्स ह्या मापानें तें १,००,००० च्या घरांत जातें. आणि त्याच वेळीं घरांत, खिडकीपासून चार हात आंत, ५०० भरले तरी पुष्कळ. त्रैराशिक मांडून पाहावें. उन्हांतून येणाऱ्या गृहस्थाची काळी छत्री घरांत बसलेल्या गृहस्थाच्या पांढऱ्या धोतरापेक्षां सुमारें दहापट अधिक उजेड आपल्या डोळ्यांकडे पाठवीत असते! तरी छत्री काळी आणि धोतर पांढरें, ह्याविषयीं लहान मुलालाहि शंका येत नाहीं. संसाराच्या दृष्टीनें ही सोय उत्तमच आहे. ती नसती तर संध्याकाळ होतांच आपलींच माणसें आपल्याला ओळखूं आलीं नसतीं. परंतु चित्रकाराला हें तयार उत्तर नको असतें. त्याला हिशेबांतील मूळ आंकडे हवे असतात.

आमच्या भागांत गांवठाणाच्या जमिनीला पांढरी आणि शेताच्या जमिनीला काळी म्हणण्याची जुनी वहिवाट आहे. मातीच्या रंगावरूनच हीं नांवें पडलीं. चैत्रांत भर दुपारीं एखाद्या खेड्यांतील बोळांतून शेताकडे निघावें, बोळाच्या तोंडाशीं थांबावें आणि डोळे किलकिले करून एकदां मागें, एकदां पुढें पाहावें. सावलींतील पांढरी उन्हांतील काळीपेक्षां गडद दिसते. क्षणभरच दिसते, कारण डोळे पुरते उघडले कीं मन आपला हिशेब करून मोकळें होतें, आणि पांढरी पुन्हां पांढरी होते. तो क्षण लांबविण्याची विद्या म्हणजेच चित्रकलेंतील छायाप्रकाशाची विद्या, असें मला वाटतें.

सूनबाईंनीं फुलें बाजूला ठेवविलीं आणि पाटावर खडूची एक नवी कांडी उभी केली. "मामंजी, आधीं हिची ओळख करून घ्या," म्हणाल्या. सारें आयुष्य जिच्याशीं व्यवहार केला तिची ओळख करून घ्यावयाची, ह्याची मला गंमत वाटली. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें (स्थापना १८५७) विद्यार्थ्यांना प्लॅस्टरच्या पांढऱ्या पुतळ्यांवरून रेखन शिकविण्याची परंपरा होती, आणि पाश्चात्य चित्रशाळांत पांढऱ्या कपड्यावर अंडें ठेवण्याची चाल आहे. आमच्या घरांत पुतळा नाहीं आणि दुसऱ्या वस्तूची सोय नाहीं. खडू मात्र माझ्या जुन्या पिशवींत हवे तितके.

त्या कांडीनें मला चार दिवस बसविलें. डावीकडून उजेड, म्हणून डावी बाजू उजळ, उजवी गडद, एवढें कोणीहि सांगेल. पण उजव्या बाजूचा सर्वांत गडद पट्टा अगदीं कडेला नसतो. तो कडेच्या थोडा अलीकडे असतो, आणि कडेपाशीं कांडी पुन्हां किंचित् उजळते. हा दुसरा उजेड पाटावरून उसळून आलेला. आमचा पाट तांबडा, म्हणून त्या कडेवर तांबूस छटा. कांडी उचलून पांढऱ्या रुमालावर ठेवली कीं ती तांबूस छटा जाते आणि कड अधिक उजळते. गोल वस्तूचें गोलपण ह्या परत आलेल्या उजेडांत असतें. तो वगळून नुसतें काळें करीत गेलें तर कांडीचें पाटीसारखें सपाट कांहींतरी होतें.

खडूनंतर कापसाचें बोंड आलें. नांदेड हा कापसाचा मुलूख. 'नांदेड-४४' ह्या संकरित वाणानें एके काळीं गांवाचें नांव दूरवर नेलें होतें, आणि उस्मानशाही मिलचा भोंगा ऐकलेले लोक गांवांत अजून भेटतील. बोंड ही खडूच्या उलट वस्तु. खडूला कड आहे, बोंडाला कड अशी नाहींच. उजेड त्याच्या पुंजक्यांत शिरतो आणि आंतल्या आंत फिरून मऊ होऊन बाहेर येतो. तगरीची पाकळी ह्या दोहोंच्या मधली. ती पातळ असते. तिच्यावर पडलेला उजेड कांहीं परत येतो आणि कांहीं तिच्यांतून पार पलीकडे जातो. म्हणून पाठीमागून ऊन आलेलें फूल आणि समोरून ऊन पडलेलें फूल हीं दोन स्वतंत्र फुलें समजावींत.

ह्या कामाला साधनें दोनच लागलीं. पहिलें, जुन्या पोस्टकार्डाला मध्यें पाडलेलें हरभऱ्याएवढें भोंक. त्यांतून पाकळीचा एक तुकडा पाहिला कीं तो पाकळीचा आहे हें कळत नाहीं, केवळ एक करडा ठिपका दिसतो. आणि वस्तूचें नांव नाहींसें झालें म्हणजे मनाचा हिशेबहि थांबतो. दुसरें, नऊ घरांची एक पट्टी. पहिलें घर कोरें, नववें काळ्या शाईचें, मधल्या सात घरांत तीच शाई पाण्यानें पायरीपायरीनें फिकी केलेली. ती पट्टी करण्यासच मला आठवडा लागला. पायऱ्या सारख्या उंचीच्या होईनात. पट्टी हातीं आल्यावर भोंकांतील ठिपका तिच्याशीं जुळवावयाचा. देठाकडील सावलींतली पाकळी पांचव्या घराशीं जुळली, म्हणजे बरोबर काळ्या-पांढऱ्याच्या मध्यावर! नातीनें पट्टी पुन्हां धरून पाहिली. पांचवेंच घर. तिच्या शेजारचें, ऊन झेलणारें हिरवें पान चमकून चौथ्या घरांत बसलेलें. हिरवें पान पांढऱ्या पाकळीपेक्षां उजळ, हें डोळ्यांना दिसत होतें आणि तोंडानें म्हणवत नव्हतें.

जलरंगांत आणखी एक अडचण, किंवा सोय, आहे. ह्या पद्धतींत पांढरा रंग सहसा वापरीत नाहींत. कागद कोरा राखणें हाच पांढरा. तेव्हां पांढरें फूल काढावयाचें म्हणजे फूल सोडून बाकी सर्व काढावयाचें. पानांची गर्द हिरवाई ज्या रेषेवर थांबते तेथें पाकळी सुरू होते. सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) हे आपल्याकडे जलरंगांतील थोर चित्रकार होऊन गेले. हातांत दिवा घेतलेल्या तरुणीचें 'ग्लो ऑफ होप' हें त्यांचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. कित्येक घरांत त्याची प्रत असते आणि पुष्कळ लोक तें रविवर्म्याचें समजतात. तेंहि जलरंगांतील आहे, ह्याचें आतां मला जितकें आश्चर्य वाटतें तितकें पूर्वीं वाटलें नव्हतें. दिव्यापुढें धरलेल्या बोटांतून पाझरणारा उजेड भोंवतालच्या अंधारावर उभा आहे. अंधार थोडा फिका केला असता तर दिवाहि विझला असता.

शेजाराचा हा प्रभाव एका रसायनशास्त्रज्ञानें शास्त्रीय पायावर मांडला. फ्रान्सच्या गोब्लॅं येथील विणकामाच्या कारखान्यांत शेव्हरल हा रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्यानें तपासलें, रंगांत दोष नव्हता. काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारीं बसल्यामुळें निस्तेज दिसत होता. त्यावर त्यानें १८३९ मध्यें मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढें चित्रकारांनीं तो डोक्यावर घेतला.

आमच्या पूर्वजांना ह्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें असें कोणी समजूं नये, आणि सर्व कांहीं ठाऊक होतें असेंहि म्हणूं नये. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र नांवाचें प्रकरण आहे. स्टेला क्रामरिश ह्या विदुषीनें १९२४ त त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांत छायाप्रकाश दाखविण्याला वर्तना असा शब्द असून तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानावरील शिरांसारख्या रेघांची पत्रजा, अतिसूक्ष्म मिसळत जाणारी ऐरिका आणि ठिपक्यांची बिंदुजा. खोलगट आणि उंच भाग वेगळे दाखवितां येणें ही खऱ्या चित्रज्ञाची खूण मानली आहे. तेथेंच असेंहि म्हटलें आहे कीं, आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणते वर्तनेची, स्त्रिया अलंकारांची आणि इतर जन रंगांच्या संपन्नतेची. हें मीं घरांत वाचून दाखविलें. "मग पट्टी धरून वर्तना शिकवतें आहे कोण?" एवढेंच सौ. म्हणाली, आणि तुळशीला पाणी घालावयास निघून गेली.

कवींना मात्र ह्या बाबतींत पूर्ण मोकळीक आहे. राजशेखरानें काव्यमीमांसेंत जे कविसंकेत दिले आहेत, त्यांप्रमाणें शुक्ल आणि गौर एकच मानण्यास हरकत नाहीं. यश आणि हास्य तर पांढरेंच असावें लागतें. मुलांना मीं हे संकेत आनंदानें शिकविले आणि आजहि शिकवीन. कवीला नांवें लागतात, चित्रकाराला तींच आड येतात. आमच्याच विभागांतील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत पाहावें. चुना, जिप्सम, पांढरी माती असले साधे पांढरे रंग त्या कारागिरांजवळ होते. सावळ्या मुखावर, नाकाच्या दांड्यावर आणि ओठांवर त्यांनीं त्या पांढऱ्याचा हलका हात ठेवला आहे. तेथें पांढरा हा रंग नाहींच, तो उजेड आहे.

आतां ज्या गोष्टीनें मला हें सर्व लिहावयास बसविलें ती सांगतों. गेल्या फाल्गुनांत माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसविलें. डाव्या डोळ्याचा अजून तसाच आहे. वयाबरोबर नेत्रभिंग पिवळसर होत जातें आणि निळा उजेड अडवूं लागतें. पण तें इतकें सावकाश होतें कीं माणसाला पत्ताहि लागत नाहीं. एक डोळा नवा झाला म्हणजे मग कळतें. पट्टी सुटल्यावर दुसऱ्या दिवशीं मीं अंगणांत उभा राहून डावा डोळा झांकला, आणि तगरीचीं फुलें नुकत्याच निळींतून काढलेल्या धोतरासारखीं दिसलीं. उजवा झांकला, आणि तींच जुन्या हस्तिदंतासारखीं. विष्णुधर्मोत्तराच्या त्याच खंडांत गौर वर्णाच्या पांच छटा आहेत: सोन्याची, दांताची, चंदनाची, शरदांतील मेघाची आणि शरदांतील चंद्राची. माझ्या एका डोळ्याला दंतगौर, दुसऱ्याला शरच्चंद्रगौर! हें ऐकून सौ.नें विचारलें, "आणि मी कोणत्या डोळ्याला कशी दिसतें?" त्याचें उत्तर मीं दोन्ही डोळे मिटून दिलें.

फ्रेंच चित्रकार मोने ह्याची हकीकत तेव्हां वाचनांत आली. त्याला १९१२ त मोतीबिंदूचें निदान झालें. शस्त्रक्रिया त्यानें टाळली ती १९२३ पर्यंत, ब्याऐंशीव्या वर्षीं उजव्या डोळ्याची करून घेतली. नंतर सर्व जग निळें दिसतें म्हणून तो कुरकुरत असे. डावा डोळा त्यानें शेवटपर्यंत डॉक्टरांच्या हातीं दिला नाहीं. त्या काळीं डोळ्यांत भिंग बसविण्याची सोय नव्हती. ती १९४९ मध्यें लंडनला हॅरल्ड रिडले ह्या शल्यवैद्यानें सुरू केली. माझी स्थिति पुष्कळ बरी आहे. तथापि दिवाळीनंतर डावा डोळाहि नवा होणार. आणि तें झालें म्हणजे ज्या पांढऱ्या रंगांत मीं आईचीं लुगडीं, वडिलांचे केंस, शाळेंतील खडू आणि निम्मा संसार पाहिला, तो पांढरा मला पुन्हां कधींहि दिसणार नाहीं. शस्त्रक्रिया नको असें नाहीं. वाचतांना अक्षरें तरंगतात, संध्याकाळीं रस्त्यावरील दिव्यांना वलयें दिसतात. पण जाणाऱ्या पाहुण्याचें एक चित्र असावें, असें वाटलें.

श्रावणांत व्याह्यांकडे लातुरास चार दिवस राहण्याचा योग आला. त्यांचा वाडा जुना, मधें चौक, चौकाच्या कोपऱ्यांत पुरुषभर उंचीची तगर. मागील सोप्यावर पांढऱ्या मातीचें माळवद अजून राखलें आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं, आणि त्यानंतर ह्या जिल्ह्यांत असल्या घरांची लोकांनीं धास्तीच घेतली. तेव्हां माळवद आतां पाहावयास मिळणें हेंच विशेष. चौकांत ऊन थेट येत नाहीं. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर पडतें आणि तेथून परतून तगरीला मिळतें. खडूच्या कडेला जो परतीचा उजेड मीं शोधून काढला होता, तो येथें साऱ्या झाडाला न्हाऊं घालीत होता.

तेथें मीं एकाच फुलाचीं दोन चित्रें केलीं. एक डावा डोळा झांकून, एक उजवा झांकून. दोन्हींना पोस्टकार्ड आणि पट्टी तीच. रंग अर्थातच निराळे आले. एका चित्रांतील सावल्या निळसर, दुसऱ्यांतील भुऱ्या. नंतर सूनबाईंनीं मोबाईलवर दोहोंचीं रंगविरहित छायाचित्रें घेऊन माझ्यापुढें ठेवलीं, आणि कोणतें कोणत्या डोळ्याचें तें मला ओळखतां येईना. जुन्या डोळ्याचें थोडें मळकट होतें इतकेंच. कोणती पाकळी उजळ, कोणती तिच्याहून गडद, सर्वांत काळोख कोठें, ही क्रमवारी दोन्हींत अक्षरशः एक होती. रंग डोळ्यांगणिक निराळा झाला, वयाबरोबर पालटला. उजेडाची उतरंड जागची हलली नव्हती. म्हणजे आईच्या लुगड्याच्या घड्यांत मीं जी सावली पाहिली होती ती दिवाळीनंतरहि मला दिसावयाची आहे. लातूरच्या त्या चौकांत हें उमगलें तेव्हां व्याह्यांनीं चहा आणून ठेवला होता, तो गार होईपर्यंत मीं तसाच बसलों.

दोन्ही चित्रें आतां आमच्या ओसरीवर शेजारीं शेजारीं लाविलीं आहेत. सौ.ला पिवळसर आवडतें, नातीला निळसर. सूनबाईंच्या मतें दोहोंतहि खालच्या पाकळीची सावली अर्धें घर फिकी आहे. पट्टी धरून पाहिली. त्यांचें म्हणणें मला मान्य नाहीं, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

शस्त्रक्रियेला अजून अठरा दिवस आहेत. तगर रोज दहा-बारा फुलें देते. त्यांतलीं देवाला आठ आणि उरलेलीं मला, अशी वांटणी सौ.नें ठरवून दिली आहे. दुहेरी तगरीची एक कुंडीहि आणून ठेविली आहे. तिच्या पाकळ्यांच्या घड्या मोजण्यांतच सकाळ जाते. तें फूल अगोदर डाव्या डोळ्यानें काढावयास घेतलें आहे.